विम्याच्या पुस्तिकेत नसलेला खर्च

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. चकलीची भाजणी दळून आणली होती, फराळाचे डबे घासून उन्हात पालथे घातले होते आणि आमचे हे ओटीवर बसून मोबाईलवर आरोग्यविम्याचा हप्ता भरत होते. एकदम म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हप्त्यावरचा कर गेला! गेल्या वर्षी २३,६०० भरले होते, यंदा २०,००० च. सरकारनं तुला ३,६०० रुपयांची ओवाळणी घातली बघ!"

मैत्रिणींनो, आनंद झाला, नाही कशाला म्हणू? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्यविम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आला, हे मी वर्तमानपत्रात वाचलंच होतं. पण बातमी वाचणं वेगळं आणि घरच्या हिशेबाच्या वहीत पैसे उरलेले दिसणं वेगळं. भाजणी चाळता चाळता मी मनातल्या मनात एक गुणाकार केला. पावणेतीनशे गुणिले तेरा. तीन हजार पाचशे पंचाहत्तर! वाचलेल्या करापेक्षा फक्त पंचवीस रुपये कमी. आणि माझा हात चाळणीवरच थांबला.

हा तेराचा गुणाकार कसला, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. आपण चार बायका जमलो की सोन्याच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलतो. पण हा विषय निघाला की कोणीतरी "चहा टाकते हं" म्हणून उठते. मीही अशीच उठणाऱ्यांतली होते. म्हणून तर हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

ते २७५ रुपये म्हणजे माझ्या संततिनियमनाच्या गोळ्यांचं एक पाकीट. अठ्ठावीस दिवसांचं एक चक्र, म्हणून वर्षाला पाकिटं बारा नाहीत, तेरा लागतात. धाकट्याच्या जन्मानंतर डॉक्टरीणबाईंनी त्या लिहून दिल्या होत्या आणि मला त्या चांगल्या मानवल्या होत्या. दर महिन्याला पनवेलच्या बाजारात गेले की ओळखीच्या नसलेल्या दुकानातून पाकीट घ्यायचं, कागदात गुंडाळून पर्समध्ये तळाशी टाकायचं, आणि घरी आल्यावर हिशेबाच्या वहीत लिहायचं: 'किरकोळ'.

आमचं गाव जासई. एका बाजूला न्हावाशेव्याचं बंदर, रस्त्यानं रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर. गावातल्या अनेक घरांची चूल या बंदराच्या आधारानं पेटते, आमचीही. हे एका कंटेनर यार्डात कंत्राटी नोकरीला. पूर्वी कंत्राटदारानं काढलेल्या सामुदायिक विम्यात आम्ही चौघंही होतो. २०२२ साली कंत्राटदार बदलला, पगार तोच राहिला, विमा मात्र गेला. दोन लहान मुलं घरात असताना बिनविम्याचं राहायचं तरी कसं? म्हणून आम्ही स्वतः कुटुंबाची पॉलिसी घेतली. हप्ता २०,००० आणि वर कर ३,६००.

हे पैसे आणायचे कुठून? रात्री वही उघडून बसले. दूध कमी करता येईना, शाळेची फी तर नाहीच नाही. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तो पगार आधीच कर्जाच्या हप्त्याला बांधलेला. मग माझी नजर गेली 'किरकोळ'वर. तो खर्च दुसऱ्या कोणाला दिसत नव्हता, म्हणून तो बंद केला तर विचारणारंही कोणी नव्हतं. मी गोळ्या बंद केल्या. ह्यांना म्हटलं, "दिवस मोजून सांभाळू." आणि खरं सांगू? त्या काटकसरीचा तेव्हा मला चक्क अभिमान वाटला होता!

आता कळतं, त्या वर्षी हप्त्यावरच्या करानं माझ्या गोळ्या खाल्ल्या. गोळ्यांवर स्वतःवर कर नाही हो! वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हापासून सगळी संततिनियमनाची साधनं करमुक्तच आहेत. पण घरखर्चाच्या वहीत खर्च एकमेकांना ढकलतात, आणि धक्का नेहमी त्यालाच बसतो ज्याचं नाव घ्यायची चोरी असते.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. २०२३ च्या आषाढात दिवस चुकले. पहिल्यांदा वाटलं, दगदगीनं असेल. मग चाचणी केली. दोन रेघा. मी न्हाणीघरात पाटावर बसून राहिले. तिसरं मूल आम्हाला झेपणारं नव्हतं. ते दोघांनाही कळत होतं, पण तोंडातून कोणी काढत नव्हतं. काय करायचं ते ठरलंच नाही. ठरायच्या आधीच, सव्वादोन महिने झाले असताना, पाचवीच्या वर्गात फळ्यावर क्रियापदं लिहिताना माझ्या पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. रात्री जवळच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल करून पिशवी साफ करावी लागली. मनातून नको होतं, आणि गेलं तेव्हा रडू आवरत नव्हतं. दोन्ही खरं होतं. ज्या बाईवर ही वेळ आली असेल तिला मी काय म्हणते ते कळेल.

बिल आलं १९,४०० रुपये. ह्यांनी धीर दिला, "काळजी करू नकोस, विमा आहे ना!" कागदपत्रं पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हा खर्च पॉलिसीत बसत नाही. कारण म्हणून एक क्रमांक लिहिला होता. अठरा.

मी बी.ए. झालेली बाई, कविता, निबंध, व्याकरण शिकवते. पण दर वर्षी घरी येणारी विम्याची पुस्तिका मी कधी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. त्या दिवशी मुलीचा शब्दकोश शेजारी घेऊन बसले. 'वगळलेले खर्च' या सदरात क्रमांक अठरा सापडला: बाळंतपण, सिझेरियन, अपघाताशिवाय झालेला गर्भपात आणि कायदेशीर रीतीने करून घेतलेला गर्भपात, यांचा खर्च मिळणार नाही. (नळीतल्या गर्भाचा अपवाद तेवढा सोडलेला.) बरं, हे कळलं. मग सहज वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. क्रमांक सतरा. मथळा वंध्यत्वाचा, आणि त्याखाली पहिलीच ओळ: कोणत्याही प्रकारचं संततिनियमन, आणि संततिनियमनाची शस्त्रक्रिया.

गंमत पाहा. जिला मूल होत नाही तिचा खर्च आणि जिला आता मूल नको आहे तिचा खर्च, दोघींनाही एकाच कलमात बसवून बाहेर काढलं आहे! सतरावं कलम म्हणतं, मूल राहू नये म्हणून जे कराल त्याचे पैसे आम्ही देणार नाही. लगेच खालचं अठरावं म्हणतं, आणि राहिलं, तर त्याचेही देणार नाही. बाईच्या आयुष्यातली वीस-पंचवीस वर्षं या दोन कलमांच्या मधल्या रिकाम्या जागेत जातात.

वाटलं, आपली कंपनीच कंजूष. पण तसं नाही. विमा नियामकानं सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना सांगितलं की वगळायच्या खर्चांचे शब्द ज्याचे त्याने ठरवू नयेत, सगळीकडे एकच मजकूर असावा. ग्राहकाला समजावं, फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. अमुक वगळाच, असा आदेश नाही; पण वगळायचं असेल तर याच क्रमांकाखाली, याच शब्दांत. म्हणून तुमच्या घरच्या पुस्तिकेतही सतरा आणि अठरा बहुधा असेच सापडतील. काही सामुदायिक विम्यांत बाळंतपणाचा खर्च मिळतो. काही वैयक्तिक पॉलिसींतही जास्तीचा हप्ता भरून आणि ठरलेली मुदत थांबून मिळतो. संततिनियमनाचा मात्र मिळतो असं मला कोणी सांगितलेलं नाही.

आमचे विमा एजंट भले गृहस्थ. त्यांना मी विचारलंच. आधी ते इकडेतिकडे पाहू लागले, मग म्हणाले, "वहिनी, विमा असतो अचानक येणाऱ्या संकटासाठी. घर जळेल की नाही ते माहीत नसतं, म्हणून घराचा विमा. गोळ्या तर तुम्ही ठरवून घेता. ठरवून केलेल्या खर्चाचा विमा कसा होईल?"

मुद्दा चुकीचा नाही. मी रात्रभर त्यावर विचार केला. पण त्याच पुस्तिकेत वर्षातून एकदा फुकट आरोग्यतपासणी करून मिळेल, असंही लिहिलेलं आहे. ती तपासणी काय अचानक येते? ती द्यायची, कारण रोग आधी कळला तर पुढचा मोठा खर्च वाचतो. म्हणजे आधी थोडं खर्चून पुढचं टाळायचं, हे कंपन्यांना समजतं. बाईच्या पोटाशी आल्यावरच तो हिशेब विसरतो! माझ्या एका वर्षाच्या गोळ्या ३,५७५ रुपयांच्या. त्या वाचवल्या म्हणून झालेलं बिल १९,४०० चं. मी गणिताची बाई नाही, पण एवढी वजाबाकी मलाही येते.

तुम्ही म्हणाल, सरकारी योजना आहे की! आहे, आणि आमच्या रायगडला तर ती पहिल्यांदा मिळाली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आधी दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. २०२३ च्या निर्णयानं ती मर्यादा पाच लाख झाली आणि योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली करायचं ठरलं. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंड... कितीतरी घरं या योजनेनं कर्जातून वाचली. पण तीही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांची. महिन्याच्या पाकिटासाठी ती नाही.

मग संततिनियमनाला सरकारनं वाऱ्यावर सोडलं का? इथेच माझी चूक झाली होती, आणि ती मला दाखवली सासूबाईंनी.

रुग्णालयातून आल्यावर मी आठ दिवस पडून होते. सासूबाई पेज घेऊन आल्या. शेजारी बसल्या. हळूच विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. गोळ्या, पैसे, 'किरकोळ', सगळं. त्या ऐकून घेत होत्या. आमच्या ह्यांच्या जन्मानंतर, १९८६ साली, त्यांनी शिबिरात शस्त्रक्रिया करून घेतलेली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. म्हणाल्या, "आमचे येलेला सरकार दारान येवन इचारत होता, गो बाय. आनि तुमी शिकलेल्या बायका पैसं देवन दुकानातना आनता, नि तेही लपवून!"

मला काही उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आशाताईंना घरी बोलावलं. आशाताई म्हणजे आमच्याच आळीतली सून, तिच्या मुलाला मी शाळेत शिकवलेलं. तिनं पिशवीतून एकेक काढून पुढ्यात मांडलं तेव्हा मी थक्क झाले. निरोध, माला-एन च्या गोळ्या, छाया गोळ्या, तातडीची गोळी. सरकारी केंद्रात हे फुकट मिळतं. आणि २०११ साली आशांनी घरोघरी पोचवायची योजना निघाली तेव्हा दर ठरला तो तीन निरोधना १ रुपया, महिन्याच्या गोळ्यांना १ रुपया, तातडीच्या गोळीला २ रुपये. एक रुपया! आणि मी महिन्याला पावणेतीनशे देत होते, तेही पर्सच्या तळाशी लपवून.

आशाताई नीट समजावून सांगत होती. माला-एन रोजची, पण रक्तदाब असेल, अर्धशिशीचा त्रास असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. छाया मात्र आठवड्याची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. तिच्यात संप्रेरकं नाहीत. ती आपल्याच देशात, लखनौच्या औषध संशोधन संस्थेत तयार झाली आणि 'सहेली' या नावानं १९९० च्या दशकापासून दुकानातही मिळते. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात २०१७ साली आलं. तांबी तर जुनीच. ३८० अ या प्रकारची दहा वर्षं चालते, ३७५ ची पाच वर्षं, आणि नको झाली की केव्हाही काढता येते. तातडीची गोळी मात्र नेहमीसाठी नाही, अडीनडीला, आणि बहात्तर तासांच्या आत. तेवढ्यावर भिस्त ठेवायची नाही, हे तिनं दोनदा सांगितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे सरकारनं कामाची वाटणी केली आहे. आजारपण विम्याकडे, कुटुंबनियोजन आरोग्यखात्याकडे. कागदावर दोन्ही मिळून सगळ्या बायका येतात. पण तुमच्या-माझ्यासारखी, गावाशहराच्या सीमेवर राहणारी, 'बरी परिस्थिती' म्हणवणारी बाई बरोबर दोन्हींच्या मधून खाली पडते. विम्याच्या पुस्तिकेत तिचा खर्च नाही, आणि सरकारी खिडकीपाशी जायला ती लाजते. मीही का गेले नव्हते? "फुकटचं ते कसलं असेल" हे एक. आणि "मास्तरीणबाई आशाकडून हे घेतात" असं गावात झालं तर, हे दुसरं. दुसरंच खरं.

आणि ही लाज आपल्या महाराष्ट्रात तरी शोभत नाही हो! देशात कोणी बोलायला धजत नव्हतं तेव्हा, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. ते गणिताचे प्राध्यापक; या कामापायी त्यांची नोकरी गेली. मग १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आणि पत्नी मालतीबाई शेवटपर्यंत पाठीशी उभ्या राहिल्या. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात रोहम यांनी मागणी मांडली की सरकारनं संततिनियमनाची साधनं लोकांना मिळवून द्यावीत. त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी लिहून दिलेलं होतं. ठराव फेटाळला गेला. पण आज आशाताईच्या पिशवीत जे आहे, ते त्या दिवशी मागितलेलंच आहे. मागणाऱ्यांनी नोकऱ्या घालवल्या, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. आणि मिळाल्यावर आपण ते पर्समध्ये तळाशी लपवतो!

आमच्या जासईला तर हक्क मागायला कोणी शिकवायला नको. हे दि. बा. पाटलांचं गाव. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी इथे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. गावातल्या बायकाही तेव्हा घरात बसल्या नव्हत्या. जमिनीच्या हिशेबासाठी आम्ही सरकारपुढे उभ्या राहिलो. मग स्वतःच्या शरीराच्या हिशेबासाठी आमच्या तोंडाला कुलूप का?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिच्याकडे गोळ्या विम्याच्या कार्डावरच मिळतात, वर एक पैसा द्यावा लागत नाही. तिथे २०१० साली आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला आणि २०१२ पासून बहुतेक विम्यांना संततिनियमनाचा खर्च पूर्ण उचलणं भाग पडलं. कारण त्यांनी ते रोग टाळण्याच्या उपचारांत धरलं. पण तिथेही सगळं सरळ नाही. २०१४ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मालकाच्या धर्मश्रद्धेत बसत नसेल, तर काही खाजगी कंपन्यांना हा नियम लागू करता येणार नाही. म्हणजे नोकरी बदलली की गोळी जाऊ शकते. विम्याला बांधलेलं सुख नोकरीला बांधलेलं असतं, हे मला ऐकूनच पटलं; कंत्राटदार बदलल्यावर काय होतं ते आम्ही पाहिलंच आहे! म्हणून माझं म्हणणं असं, की आपली सरकारी खिडकी आधी जपली पाहिजे. ती नोकरी विचारत नाही, हप्ता विचारत नाही. विम्यात हा खर्च यावा, पण खिडकीच्या जोडीला. खिडकी बंद करून नव्हे.

आणखी एक बोलायला हवं. आपल्याकडे या कामाशी विमा जोडला गेला तो कधी? तर शस्त्रक्रिया फसली तर. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारनं कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी विमा सुरू केला; २०१३ पासून ती भरपाई राज्यंच देतात. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी शस्त्रक्रिया झाली आणि ती फसली, त्रास झाला किंवा जीव गेला, तर भरपाईचा हक्क आहे. म्हणून घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा दाखला जपून ठेवा. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडात बिलासपूरकडच्या शिबिरांनंतर तेरा बायकांचा जीव गेला; २०१६ च्या निकालात न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. पण तिथेही पैसा मिळतो तो बिघडल्यावर. बिघडू नये म्हणून नाही.

आणि शस्त्रक्रिया करून घेतं कोण? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असलेली जोडपी? ०.३ टक्के! पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका न घालता होणारी, त्याच दिवशी घरी जाता येतं. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. ते वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले. पण दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाले, "तू उरणला जाशील तेव्हा मी रजा टाकतो." एवढंही आमच्याकडे नवीनच होतं.

त्या डिसेंबरात सरकारी रुग्णालयात मी तांबी बसवून घेतली. हे बाहेर बाकावर बसले होते. आजूबाजूला सगळ्या बायका, एकटा बाप्या, हातात माझी पर्स. आत फी काही नाही. रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे रुपये आणि वाटेत दोन शहाळी. पहिले दोन महिने पाळीला जरा जास्त त्रास झाला, तो डॉक्टरांनी आधीच सांगितला होता. आता काही नाही. सगळ्यांना तांबीच सोसेल असं मी म्हणत नाही. आपलं शरीर दाखवून, विचारूनच ठरवा. पण पैशासाठी किंवा लाजेसाठी काहीच न करणं, हे करू नका. त्याची किंमत मी मोजली आहे.

म्हणून मैत्रिणींनो, तीन कामं सांगते. एक, आज रात्री कपाटातली विम्याची पुस्तिका काढा आणि सतरा-अठरा वाचा. नवऱ्यालाही वाचायला लावा. पॉलिसी नवी करताना एजंटाला विचारा, "हे का नाही?" त्याला नसेल सांगता येत, पण शंभर घरांतून हाच प्रश्न गेला तर कंपनीच्या कानावर जाईल. हप्त्यावरचा कर गेला तोसुद्धा लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले म्हणूनच. दोन, आपल्या आशाताईंचा नंबर घ्या. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी मागून ठेवा, म्हणजे खाडा पडणार नाही. आणि तीन, हिशेबाच्या वहीतला 'किरकोळ' हा शब्द खोडून टाका.

मी खोडला. भाजणी चाळून झाल्यावर हात धुतले, वही घेतली आणि ह्यांच्यासमोरच लिहिलं: 'विम्याचा कर वाचला, ३,६००.' खाली नवं खातं काढलं: 'संततिनियमन.' यंदाच्या रकमेच्या जागी शून्य. ह्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत. मग पेन माझ्या हातातून घेऊन शेजारी लिहिलं, 'दोघांचं.'

चकल्या त्या वर्षी जरा मऊ पडल्या. पण कोणी तक्रार केली नाही.